सिंगापूरला जायचंय? तिकीट सगळ्यांत शेवटी काढा



पूर्वी इस्राएलहून भारतात जायचं म्हणजे कार्यक्रम ठरलेला असायचा. मुंबईला नातेवाईक, ठाण्याला दोन दिवस, अलिबाग, नवगावचं जुनं कबरस्तान, मसाले-लोणच्यांची खरेदी, आणि परत. आता मुलं म्हणतात, "आई, एवढ्या लांब आलोच आहोत तर पाच-सहा दिवस सिंगापूरपण करून येऊ." मुंबईच्या भाचे-पुतण्यांनाही ते सोयीचं पडतं, कारण मुंबईहून सिंगापूरला विमान साडेपाच तासांच्या आसपास पोचवतं. अर्धे इस्राएली पासपोर्टवाले, अर्धे भारतीय पासपोर्टवाले, दोन-तीन जण सत्तरीच्या पुढचे आणि बरोबर नातवंडं, अशी मिश्र सहल आता आपल्याकडे नेहमीची झाली आहे.

मी आयुष्यभर नर्सचं काम केलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कोणी प्रवासाला निघालं की फोन मलाच येतो. लोक विचारतात, "तिथं काय काय बघायचं?" मी उलट विचारते, "पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे? गोळ्या कुठल्या चालू आहेत? शब्बाथ कुठं करणार?" पलीकडून उत्तर येतं, "ते बघू नंतर, तिकीट स्वस्त मिळतंय ते आधी काढून टाकतो."

इथंच मला थांबवावंसं वाटतं. दुसऱ्या एखाद्या गावी बेत थोडा फसला तर फार तर पैसे जातात. सिंगापूर स्वच्छ, सुरक्षित आणि म्हाताऱ्या माणसांना सोपं शहर आहे, पण तिथला कायदा कडक आहे आणि शेजारच्या देशांचे नियम आपल्या पासपोर्टला वेगळे आहेत. म्हणून क्रम असा ठेवा : आधी पासपोर्ट, मग औषधं, मग विमा, मग शब्बाथ आणि जेवण, मग रोजचा बेत. तिकीट सगळ्यांत शेवटी.

गाव कसं आहे

सिंगापूर म्हणजे मलाया द्वीपकल्पाच्या टोकाला असलेलं बेट. शहर आणि देश एकच. क्षेत्रफळ साधारण ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा थोडंसं मोठं, आणि वस्ती ६० लाखांच्या आसपास. १८१९ साली रॅफल्स साहेबाने इथं ईस्ट इंडिया कंपनीचं ठाणं मांडलं आणि बंदराच्या व्यापारासाठी चहूकडून माणसं आली. १९६३ साली सिंगापूर मलेशियात सामील झालं आणि ९ ऑगस्ट १९६५ ला वेगळं होऊन स्वतंत्र देश झालं. त्या नव्या देशाची सेना उभारायला इस्राएलहून अधिकारी गेले होते. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून त्यांना "मेक्सिकन" म्हणत, ही गोष्ट आता उघड आहे.

लोकवस्तीत सुमारे तीन चतुर्थांश चिनी, बाकी मलय, भारतीय आणि इतर. अधिकृत भाषा चार : इंग्रजी, मँडरिन चिनी, मलय आणि तमिळ. राष्ट्रगीत मलय भाषेत आहे, पण सगळा व्यवहार इंग्रजीत चालतो. त्यामुळे आपल्यासारख्यांना अडचण येत नाही. रस्त्यात कोणीही तुम्हाला "आंटी" किंवा "अंकल" म्हणून हाक मारेल. तिथं वडीलधाऱ्यांना असंच बोलतात, परकं वाटत नाही.

एवढ्या जातीधर्माचे लोक एकत्र राहतात, ते आपोआप झालेलं नाही. बहुतेक लोक सरकारने बांधलेल्या इमारतींत राहतात. १९८९ पासून तिथं नियम आहे की एका इमारतीत आणि एका वस्तीत कुठल्याही एका समाजाची घरं ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त होता कामा नयेत. त्यामुळे चिनी घराशेजारी मलय घर आणि त्याच्या पलीकडे तमिळ घर असतं. हे डोक्यात ठेवून फिरलं की शहर जास्त समजतं.

पहिलं काम : पासपोर्ट

घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट टेबलावर काढा आणि एका कागदावर लिहा : नाव, देश, कधी संपतो. सिंगापूरला पोचाल त्या दिवसापासून निदान सहा महिने पासपोर्ट चालू असला पाहिजे.

इस्राएली पासपोर्टवर सिंगापूरला थोड्या दिवसांच्या सहलीसाठी व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्टवर लागतो आणि तो निघण्याआधी काढावा लागतो. तेव्हा मुंबईच्या भाचीला "तू फक्त बॅग भर" असं सांगू नका.

सगळ्यांनाच, वयाची अट नाही, सिंगापूरचं "अरायव्हल कार्ड" भरावं लागतं. ते इंटरनेटवर भरतात, पोचण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत. त्याला पैसे लागत नाहीत. पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली तर समजा की ती सरकारी नव्हेत. आफ्रिकेतल्या काही देशांतून येणाऱ्यांना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो, म्हणून त्या बाजूने विमान बदलणार असाल तर आधी चौकशी करा.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. भारतात सहल कंपन्या "सिंगापूर-मलेशिया" अशी जोडसहल विकतात आणि ती स्वस्तही पडते. पण मलेशिया खास सरकारी परवानगीशिवाय इस्राएली पासपोर्टवर प्रवेश देत नाही. इंडोनेशियाचंही तसंच, आपल्या पासपोर्टवर साधा पर्यटकाचा व्हिसा मिळत नाही. म्हणजे सिंगापूरहून पूल ओलांडून जोहोर बारूला खरेदीला जाणं किंवा बोटीने बाताम बेटावर दिवसभर जाणं, हे जे इतर प्रवासी सहज करतात, ते आपल्याला नाही. क्वालालंपूरला विमान बदलणारं स्वस्त तिकीटही घेऊ नका. विमान चुकलं, रद्द झालं, रात्र काढायची वेळ आली, तर तुम्ही कुठं जाल?

आमच्या घरात असाच बेत चालला होता. ठाण्याच्या भाच्याने जोडसहलीची जाहिरात पाठवली, सगळ्यांना पसंत पडली. पैसे भरायच्या आधी आम्ही पासपोर्टांची यादी केली, तेव्हा कळलं की अर्ध्या मंडळींना मलेशियाच्या विमानतळावरूनच परत फिरावं लागलं असतं. मग आम्ही मलेशिया वगळलं आणि सहाही दिवस सिंगापूरला राहिलो. कंटाळा कोणालाच आला नाही.

भारतातून सिंगापूरला जाऊन पुन्हा भारतात यायचं असेल, तर भारताच्या व्हिसावर दुसऱ्यांदा प्रवेश मिळतो का हे तपासा. ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे त्यांना ही काळजी नाही, पण कार्ड बरोबर हवं. इस्राएलच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची प्रवासाची सूचनाही निघण्याआधी वाचावी. ती बदलत असते.

दुसरं काम : औषधांची यादी

हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण यात लोक सगळ्यांत जास्त बेफिकीर असतात.

इस्राएलमध्ये पुष्कळ वयस्कर माणसांना दुखण्यासाठी वैद्यकीय कॅनाबिस मिळतं. डॉक्टरांचा परवाना असतो, औषधाच्या दुकानातून मिळतं, त्यामुळे ते औषधच वाटतं. सिंगापूरच्या कायद्यात तो अमली पदार्थ आहे. इस्राएलचा परवाना तिथं चालत नाही. थेंब, तेल, वडी, सिगारेट, कुठल्याही रूपात नेऊ नका. सीबीडी तेल म्हणून जे मिळतं तेही नको. सिंगापूरच्या विमानतळावर नुसतं विमान बदलणार असाल तरी नको. अमली पदार्थांबद्दल जगातल्या सगळ्यांत कडक कायद्यांपैकी एक तिथला आहे. मोठ्या प्रमाणात माल नेणाऱ्याला फाशी होते आणि थोडासा बाळगणाऱ्यालाही तुरुंग. "मला माहीत नव्हतं, मी म्हातारी आहे" हे तिथं चालायचं नाही.

माझ्या ओळखीच्या एका बाई पाठीच्या दुखण्यासाठी हे थेंब घेत. सहल ठरायच्या दोन महिने आधी त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि दुसरं औषध लागू पडतं का ते घरीच करून पाहिलं. लागू पडलं, मग त्या गेल्या. नसतं पडलं तर दुसरं गाव निवडायचं त्यांनी ठरवलं होतं. मला हे शहाणपणाचं वाटतं.

दुसरा गट म्हणजे झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ डायझेपॅम, आणि तीव्र वेदनेची औषधं : कोडीन असलेल्या गोळ्या, ऑक्सिकोडोन, मॉर्फिन, फेंटॅनिलची पट्टी. यांतल्या काहींना सिंगापूरच्या आरोग्यविज्ञान प्राधिकरणाची परवानगी आधी काढावी लागते. अर्ज इंटरनेटवर करता येतो. गोळीचं नाव आणि रोजचं प्रमाण घालून त्यांच्या संकेतस्थळावर तपासायचं आणि लागत असेल तर काही आठवडे आधी अर्ज करायचा. मुलांना बसवा हे करायला.

रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, थायरॉइड अशा नेहमीच्या औषधांना अडचण नाही. स्वतःच्या वापरापुरती, तीन महिन्यांच्या आतली न्या. पण पुढच्या चार गोष्टी कराच :

१. घरच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या. त्यात आजार, औषधाचं मूळ नाव आणि प्रमाण हवं. नुसतं इस्राएलमधलं कंपनीचं नाव उपयोगाचं नाही. "अकामोल द्या" म्हटलं तर तिथल्या दुकानदाराला कळणार नाही. पॅरासिटामॉल म्हणा, लगेच मिळेल.

२. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा. आठवड्याचा गोळ्यांचा डबा हॉटेलवर पोचल्यावर भरा.

३. सगळी औषधं हातातल्या बॅगेत. सामानाची बॅग हरवू शकते, आणि विमानाच्या पोटात गारठ्याने इन्सुलिन गोठू शकतं. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं, वितळलं तरी वापरायचं नाही.

४. चार दिवसांची औषधं जास्तीची घ्या आणि ती दुसऱ्याच्या हातातल्या बॅगेत ठेवा.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आणखी एक. पूर्वेकडे जाताना आपला दिवस लहान होतो. इस्राएल आणि सिंगापूरच्या घड्याळात उन्हाळ्यात ५ तासांचा आणि हिवाळ्यात ६ तासांचा फरक असतो. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन तुम्ही तिथल्या घड्याळाप्रमाणे नेहमीच्या वेळी टोचलंत, तर दोन डोसमध्ये २४ तासांऐवजी १८-१९ तासच जातील. साखर एकदम खाली येऊ शकते. त्या एका दिवसाचा डोस किती घ्यायचा हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. मनाने ठरवू नका. मध्ये मुंबईला आठ-दहा दिवस थांबलात तर हा फरक दोन टप्प्यांत वाटला जातो, आणि शरीरालाही ते बरं पडतं.

तिसरं काम : विमा

सिंगापूरची इस्पितळं उत्तम आहेत. सिंगापूर जनरल हॉस्पिटल ही सगळ्यांत मोठी आणि जुनी सरकारी संस्था. पण सरकारी इस्पितळातली सवलत तिथल्या नागरिकांसाठी आणि कायमच्या रहिवाशांसाठी आहे. पाहुण्याला पूर्ण पैसे भरावे लागतात, आणि पडून मांडीचं हाड मोडलं तर ते पैसे थोडेथोडके नसतात.

म्हणून कुपात खोलीमचा असो की दुसऱ्या कंपनीचा, प्रवास विमा घेताना जुने आजार सांगून टाका. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला, मागच्या महिन्यात गोळी बदलली, सगळं सांगा. हप्ता वाढेल, पण न सांगितलेल्या आजारावर विमा कंपनी पैसे नाकारू शकते. विम्याचा कागद इंग्रजीत घ्या आणि मदतीचा फोन नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. सिंगापूरमध्ये रुग्णवाहिका आणि आगीसाठी ९९५, पोलिसांसाठी ९९९.

चालायला त्रास असेल तर तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवा. यात लाज कसली? चांगी विमानतळ सुंदर आहे, पण लांबच लांब आहे. विमानात दर दोन तासांनी उठून चार पावलं चाला, बसल्या जागी पावलं वर-खाली करा, पाणी पीत राहा. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे करायचं असतं. पूर्वी गुठळी झालेल्यांनी डॉक्टरांना आधी विचारावं.

चौथं काम : शब्बाथ, सिनेगॉग आणि जेवण

मुंबईत जसे डेव्हिड ससून, तसे सिंगापूरमध्ये मॅनासे मेयर. तिथला यहुदी समाज मूळचा बगदादी, त्यातले बरेच जण कलकत्त्यावरून आलेले. १८४१ साली बंदराजवळ एका दुकानवजा घरात त्यांचं पहिलं सिनेगॉग होतं. ते गेलं, पण गल्लीचं नाव अजून सिनेगॉग स्ट्रीटच आहे. १८७८ साली वॉटर्लू स्ट्रीटवर मागेन आबोथ सिनेगॉग झालं. आग्नेय आशियातलं आज उभं असलेलं हे सगळ्यांत जुनं सिनेगॉग. १९०५ साली ऑक्स्ली राइझ इथं मेयर यांनी चेसेद-एल बांधलं. याच समाजातले डेव्हिड मार्शल १९५५ साली सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झाले.

मागेन आबोथच्या आवारातच जेकब बालास केंद्र आहे. तिथं कोशेर जेवणाची आणि कोशेर सामानाची सोय आहे. पण ही काही आपली गावातली मशीद नव्हे, की टोपी घातली आणि आत गेलो. बंदोबस्त असतो. आधी इमेल करून नावं कळवावी लागतात आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. त्या आठवड्यात तेफिला कुठल्या सिनेगॉगमध्ये आहे, शब्बाथच्या जेवणाची नोंद कधीपर्यंत करायची, हे सगळं त्याच पत्रात विचारा.

हॉटेल निवडताना हाच हिशेब लावा. वॉटर्लू स्ट्रीटपासून दहा मिनिटांच्या आत चालत जाता येईल असं हॉटेल ब्रास बासा, बेनकुलेन किंवा बुगिस भागात बघा. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथं वर्षभर सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि अंधार पटकन होतो. उन्हाळ्यातल्या इस्राएलसारखी लांब संध्याकाळ मिळत नाही. शुक्रवारी चार वाजता खोलीवर असायचं असं ठरवून टाका. हॉटेलची दारं बहुधा कार्डाने उघडतात आणि लिफ्टलाही कार्ड लागतं. शब्बाथ पाळणाऱ्यांनी खालचा मजला आणि साधी किल्ली मिळेल का, हे हॉटेल ठरवण्याआधी विचारावं.

आता रोजचं जेवण. सिंगापूरचे "हॉकर सेंटर" जगप्रसिद्ध आहेत. एका छपराखाली चिनी, मलय, भारतीय अशी पन्नास-शंभर दुकानं. २०२० साली युनेस्कोने या परंपरेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. बघायला जरूर जा, कॉफी प्या, न कापलेली फळं घ्या. मँगोस्टीन आणि रांबुतान नातवंडांना आवडतील. पण कोशेर पाळणाऱ्यांनी "भाजीचं आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नये. चिनी भाजीत शिंपल्याचा सॉस असतो, मलय चटणीत वाळवलेल्या कोळंबीचा गोळा वाटलेला असतो, आणि कढई तीच असते. भारतात आपल्यातले बरेच जण बाहेर शुद्ध शाकाहारी जेवतात. तसं जेवायचं असेल तर लिटल इंडियामध्ये दाक्षिणात्य शाकाहारी खाणावळी आहेत. तिथलं कोमला विलास १९४७ पासून चालू आहे. हॉकर सेंटरमध्ये आपलं ताट आपणच उचलून जागेवर ठेवायचं, हा तिथला कायदा आहे.

पाचवं काम : दिवसाचा बेत हवेप्रमाणे

सिंगापूरची हवा म्हणजे बारा महिने अलिबागचा मे महिना. दुपारी ३१ ते ३३ अंश, रात्री २४-२५, आणि दमटपणा भरपूर. आपल्याला बेर-शेवाच्या कोरड्या उन्हाची सवय झालेली असते. तिथं घाम वाळतो आणि अंग थंड होतं. दमट हवेत घाम वाळतच नाही, म्हणून अंग तापत राहतं. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना चक्कर येऊ शकते. तेव्हा सकाळी ८ ते ११ फिरायचं, ११ ते ४ एसीत किंवा खोलीवर, आणि ५ नंतर पुन्हा बाहेर. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, बाटली भरून घ्या. हृदयविकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्या दिवसांत किती प्यायचं हे डॉक्टरांना विचारा.

नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जास्त. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कधीकधी सुमात्रातल्या जंगलांच्या आगींचा धूर येतो. दमेकऱ्यांनी ते महिने टाळावेत किंवा पंप जवळ ठेवावा. मला फेब्रुवारी-मार्च बरा वाटतो, फक्त चिनी नववर्षाच्या दोन-तीन दिवसांत पुष्कळ दुकानं बंद असतात.

सोमवारी पोचलात असं धरू. तो दिवस विश्रांतीचा.

मंगळवारी सकाळी वॉटर्लू स्ट्रीट. सिनेगॉगपासून थोडं चाललं की १८७० चं श्रीकृष्ण मंदिर, आणि त्याला लागूनच १८८४ चं क्वान इम या चिनी देवीचं मंदिर. चिनी भक्त आपल्या देवीला उदबत्ती लावतात आणि जाता जाता कृष्णाच्या दारातही लावतात. जवळच चर्च आणि मशीदही आहे. मिडल रोडवर १९२८ ची डेव्हिड इलायस इमारत दिसते, तिच्या माथ्यावर मागेन डेव्हिड आहे. हा भाग एके काळी यहुदी मोहल्ला होता. संध्याकाळी लिटल इंडिया : टेक्का बाजार, मोगऱ्याचे गजरे, साड्या. कानावर तमिळ जास्त पडेल, पण मराठीही ऐकू आली तर दचकू नका. सिंगापूरमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे.

बुधवारी सकाळी बोटॅनिक गार्डन. १८५९ ची बाग, २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात, प्रवेश फुकट. मलायातला रबराचा धंदा या बागेतल्या प्रयोगांमुळे वाढला. आतल्या ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे. मुलांसाठी वेगळी बाग आहे, ती जेकब बालास यांनी मागे ठेवलेल्या पैशातून झाली आणि तिला त्यांचंच नाव आहे. संध्याकाळी गार्डन्स बाय द बे. तिथली काचेची दोन घरं थंड असतात, म्हणून पातळ शाल न्या. अंधार पडल्यावर उंच लोखंडी झाडांवर दिव्यांचा खेळ होतो, त्याला पैसे नाहीत.

गुरुवारी चायनाटाउन. साउथ ब्रिज रोडवर जामे मशीद, १८२७ चं मारिअम्मन मंदिर आणि थोडं पुढे २००७ चं बुद्धाचं मंदिर, सगळं एका रांगेत. इथं नर्स म्हणून एक सांगते. मंदिरात-मशिदीत चपला काढाव्या लागतात. मधुमेह जुना असेल तर पायाची जाणीव कमी झालेली असते, आणि उन्हात तापलेल्या फरशीवर भाजलं तरी कळत नाही. पिशवीत जाड मोजे ठेवा आणि रात्री तळपाय आरशात बघा. संध्याकाळी काम्पाँग ग्लाममध्ये सुलतान मशीद आणि अरब स्ट्रीटवरची कापडाची दुकानं.

शुक्रवार सकाळी थोडी खरेदी, मग शब्बाथची तयारी. शनिवार आरामाचा. रविवारी परत.

मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत. तिथले सरकते जिने भराभर चालतात, म्हणून म्हाताऱ्यांनी लिफ्टच घ्यावी. काही ठिकाणी साठीच्या वर तिकिटात सवलत असते, विचारायला संकोच करू नका.

थोडे नियम

च्युइंगगम आणायला १९९२ पासून बंदी आहे. मेट्रोत खाणं-पिणं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. ई-सिगारेट आणायची नाही. साध्या सिगारेटलाही करात सूट नाही, एक पाकीट असलं तरी जाहीर करावं लागतं. उपाहारगृहात किमतीवर पुष्कळदा १० टक्के सेवा आकार आणि ९ टक्के कर चढतो, म्हणून वेगळी बक्षिशी देण्याची पद्धत नाही.

डासांपासून जपा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. घरी परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना सिंगापूरचं (आणि भारताचं) नाव आवर्जून सांगा. तोवर पॅरासिटामॉलच घ्या, आयबुप्रोफेन नको, कारण डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो. हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता तिकीट

पासपोर्ट तपासले, भाचीचा व्हिसा आला, डॉक्टरांचं पत्र मिळालं, औषधाची परवानगी लागत असेल तर ती हातात आली, विमा कंपनीने आजार मान्य केले, सिनेगॉगमधून उत्तर आलं, हॉटेल चालण्याच्या अंतरावर मिळालं. आता तिकीट काढा. कदाचित शंभर-दोनशे शेकेल जास्त पडतील. पण तेवढ्यात सत्तरीतल्या माणसाला विमानतळावर परत फिरावं लागणार नाही, आणि कोणाची आई परदेशात पोलिसांच्या खुर्चीत बसून गोळ्यांचा हिशेब देणार नाही.

ही यादी छापून फ्रिजवर लावा, आणि जे जाणार असतील त्यांनाही पाठवा. प्रवास सुखाचा होवो, सगळे जसे गेले तसे घरी परत येवोत. आमेन.